वरून प्लॅस्टिकचं कोटिंग असूनही होलो (चमकीच्या थराची) कार्डं पावसाळ्यात का वाकतात? परत सरळ होतात का?

कोटिंगचा भरवसा ऐकला की मला राहवत नाही. आमचा दादाही हेच म्हणायचा, "प्लॅस्टिक आहे ना वरून, मग कसली भीती?"

अहो, आत पुठ्ठाच असतो. कडा कापलेल्या, उघड्या. दमट हवा तिथून आणि मागच्या बाजूने शिरते, कागद फुगतो, चमकीचा थर फुगत नाही. म्हणून कार्ड चमकीच्या बाजूला वळतं.

आम्ही वाशीला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वर राहायचो. पश्चिमेच्या भिंतीला दर जुलैत ओल यायची, रंगाचे पोपडे निघायचे. माझी पोकेमॉनची कार्डं दादाने भर पावसात स्लीव्हमधून, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटांतून काढली (का, तर गठ्ठा लहान होतो), झिपच्या पिशवीत घातली, पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा त्याच भिंतीला लागून माळ्यावर. गणपतीत मखराचं सामान काढताना उघडला तर कुबट वास. कार्डं द्रोणासारखी वळलेली. चारिझार्ड (पंखवाल्या ड्रॅगनचं कार्ड) पुढच्या कार्डाला चिकटलेला. नखाने सोडवायला गेले तर चर्र झालं आणि त्याच्या पंखाची चमकी पापुद्र्यासारखी निघून त्या कार्डाच्या निळ्या पाठीवर राहिली. मी रडले होते.

दादा आजही म्हणतो, झाकण तू सैल लावलंस. मुळीच नाही. झाकण घट्ट होतं म्हणूनच घात झाला. पुठ्ठा आधीच ओलावा प्यायलेला, तो आत कोंडला आणि गार भिंतीजवळ पार मुरला.

तुमची कार्डं नुसती वाकली असतील तर बरीचशी सरळ होतात. स्लीव्हमध्ये घाला, डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, वर हलकं वजन ठेवा आणि आठवडाभर वाट बघा. इस्त्री, हेअर ड्रायर अजिबात नको. लॅमिनेशन तर नकोच, कार्ड कायमचं वाया जातं. स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनचे घ्या. मऊ, वासाच्या पीव्हीसीतून चिकट द्रव्य सुटतं.

हां, सिलिका जास्त झाली तर कार्डं उलट्या बाजूला वाकतात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४५-५० टक्क्यांच्या आसपास असू दे. चिकटलेली कार्डं मात्र ओढू नका, तशीच सुकू द्या. त्यांची खात्री मी देत नाही.

आणि डबा कायमचा बंद करायचा तर जानेवारीतल्या कोरड्या दिवशी करा. जुलैत तो बंद करायचाच नव्हता, दादा.