वाचकांचे प्रश्न : आनंदमेळाव्यासाठी खेळांचे स्टॉल भाड्याने घेताना

रिंगा टाकणे, डबे पाडणे, नेम धरणे अशा खेळांचे तयार स्टॉल शाळेच्या किंवा वसाहतीच्या मेळाव्यासाठी भाड्याने घेण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या आनंदमेळाव्याला सुमारे ३०० मुले येतील आणि मेळावा तीन तास चालेल. स्टॉल भाड्याने देणारे गृहस्थ वीस स्टॉलचा संच घेण्याचा आग्रह धरत आहेत, तर समितीतील काही जणांना सहा पुरेसे वाटतात. नेमके किती घ्यावेत?
— पालक-शिक्षक संघाच्या सचिव

उत्तर : दोन्ही आकडे अंदाजपंचे सांगितलेले दिसतात. स्टॉल मोजण्याआधी डाव मोजावेत. प्रत्येक मुलाला सहा डाव खेळायला मिळावेत असे आपण ठरवले, तर ३०० मुलांचे १८०० डाव होतात. आता एक डाव म्हणजे किती वेळ, ते घड्याळ लावून पाहावे. कूपन घेणे, हातात तीन रिंगा देणे, मुलाने त्या टाकणे, बक्षीस देणे आणि पडलेल्या रिंगा गोळा करणे यांत दीड मिनिट सहज जाते, म्हणजे एका जागेवर तासाला ४० डाव होतात. तीन मीटर रुंदीच्या स्टॉलपुढे तीन मुले शेजारी-शेजारी उभी राहू शकतात, त्यामुळे कागदावर तासाला १२० डाव दिसतात. पण आत रिंगा उचलणारा माणूस एकच असतो, म्हणून ८० धरावेत. शिवाय तीन तासांचा मेळावा प्रत्यक्षात अडीच तासच चालतो, कारण सुरुवातीला सगळी मुले प्रवेशद्वाराशी असतात आणि शेवटी सगळ्यांचे लक्ष बक्षिसांच्या उरलेल्या ढिगाकडे असते. या हिशेबाने एका स्टॉलवर २०० डाव होतील आणि १८०० डावांसाठी नऊ स्टॉल लागतील.

मात्र सर्व खेळ एका वेगाने चालत नाहीत. डब्यांचा मनोरा पाडण्याच्या खेळात एका वेळी एकच मूल खेळते आणि प्रत्येक वेळी मनोरा नव्याने रचावा लागतो. तिथे एका डावाला दोन मिनिटे धरली, तर अडीच तासांत ७५ च डाव होतील. नवांपैकी तीन स्टॉल या प्रकारचे घेतलेत, तर एकूण १४२५ डाव भरतील आणि उरलेल्या ३७५ डावांसाठी रिंगांसारख्या वेगवान खेळाचे आणखी दोन स्टॉल घ्यावे लागतील. आपल्यासाठी अकरा हा आकडा मला योग्य वाटतो.

वीसचा संच नाकारण्याचे खरे कारण पैसा नसून माणसे हे आहे. प्रत्येक स्टॉलवर दोघे, आणि दीड तासाने त्यांना सोडवणारे आणखी दोघे, असे अकरा स्टॉलसाठी ४४ स्वयंसेवक लागतात. वीस स्टॉलसाठी ८०. कूपनांच्या टेबलावरची आणि सामान आणून देणारी माणसे वेगळीच. मी पाहिलेल्या मेळाव्यांत जे स्टॉल मध्येच ओस पडले, ते बहुतेक वेळा आत उभे राहायला कोणी न उरल्यामुळेच पडले. म्हणून आधी स्वयंसेवकांची नावे कागदावर घ्यावीत आणि मगच स्टॉलची संख्या कळवावी.

मांडणी करताना स्टॉलच्या दोन ओळी समोरासमोर ठेवून मध्ये किमान सहा मीटरची वाट सोडावी, म्हणजे दोन्हीकडच्या रांगा उभ्या राहूनही मधून चालता येते. (अमेरिकेत जत्रेतल्या अशा वाटेला ‘मिडवे’ म्हणतात. १८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनात करमणुकीचे सगळे प्रकार ‘मिडवे प्लेझन्स’ नावाच्या पट्ट्यात मांडले होते, त्यावरून हे नाव रूढ झाले.) निदान दोन स्टॉलचे काउंटर ७५ सेंटिमीटर उंचीचे मागावेत. नेहमीचे काउंटर मोठ्यांच्या कमरेइतके उंच असतात. पाच वर्षांच्या मुलाला किंवा चाकाच्या खुर्चीवरील मुलाला त्यांच्यापलीकडचा खेळ धड दिसतही नाही.

प्रश्न : गेल्या वेळी आमच्या मेळाव्यात वाऱ्याने एक स्टॉल उचलला गेला आणि शेजारच्या स्टॉलवर आदळला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. मैदान फरसबंद असल्यामुळे खुंट्या ठोकता येत नाहीत. काय करावे?
— वसाहतीच्या उत्सव समितीचे सदस्य

उत्तर : तीन मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद छताचे क्षेत्रफळ नऊ चौरस मीटर असते. ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा त्याखाली शिरला, तर छताला वर ढकलणारे बल साधारण ७० किलो वजनाच्या बरोबरीचे होऊ शकते, आणि स्टॉलच्या सांगाड्याचे स्वतःचे वजन बहुधा त्याहून कितीतरी कमी असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते, त्यामुळे ‘सकाळी तर काही हलत नव्हते’ या अनुभवावर विसंबता येत नाही. छताच्या प्रत्येक पायाला किमान १८ ते २० किलो वजन बांधावे हा सर्वसाधारण दंडक याच हिशेबाशी जुळतो. पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन हे त्याचे सर्वांत सोपे साधन आहे, पण तो पायाशी नुसता टेकवून ठेवला तर त्याचा काहीही उपयोग नाही. छताच्या कोपऱ्यापासून दोरी खाली आणून ती कॅनच्या मुठीला ताणून बांधावी, आणि दोरीत पाय अडकू नये म्हणून ती खांबाला लागून सरळ उतरू द्यावी.

मागचा आणि बाजूंचे पडदे शिडासारखे वारा पकडतात, म्हणून वारा वाढू लागला की पहिल्यांदा पडदे सोडावेत. मुलांना बाजूला नेऊन छत खाली घेण्याचा निर्णय कोण घेणार, हे आदल्या दिवशी एकाच व्यक्तीवर सोपवावे. समितीने उभ्या-उभ्या चर्चा करून असा निर्णय घ्यायचा म्हटले, तर तो वेळेवर होत नाही. वजने भाड्यात येतात की आपण आणायची आहेत, हे पुरवठादाराला आधीच विचारावे, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

प्रश्न : डबे पाडण्याच्या खेळात दिवसभरात दोनच मुले जिंकली आणि ‘खेळात लबाडी आहे’ अशी पालकांनी तक्रार केली. आम्ही तर सामान जसे आले तसे मांडले होते. दोष कोणाचा?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : आपण लबाडी केली नसली, तरी सामानात ती असू शकते. धंदेवाईक जत्रांमधली ही युक्ती जुनी आहे : तीन बाटल्यांपैकी एक इतर दोघींपेक्षा जड असते, आणि ती खालच्या ओळीत किंचित पुढे ठेवली की चेंडूचा सगळा जोर तिच्यावर खर्च होऊन दुसरी बाटली जागेवर उभी राहते. रिंगांच्या खेळात रिंगेचा आतला घेर बाटलीच्या तोंडापेक्षा जेमतेम मोठा ठेवतात, आणि कडक प्लॅस्टिकची रिंग काचेवर आपटून उडते ती वेगळीच. सामान ताब्यात घेताना प्रत्येक बाटली किंवा डबा साध्या वजनकाट्यावर ठेवून पाहावा. वेगळ्या वजनाचा निघाल्यास बदलून मागावा आणि खालच्या दोन बाटल्यांसाठी फळीवर खडूने सरळ रेघ मारून ठेवावी. रिंगा दोरीच्या मिळाल्या तर त्याच घ्याव्यात. त्या उडत नाहीत, पडतात तिथेच राहतात.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्या-त्या वयाच्या दहा मुलांना प्रत्येकी एक डाव खेळायला लावावा. तिघांपेक्षा कमी मुले जिंकली, तर उभे राहण्याची रेघ पुढे आणावी. लहानांसाठी आणि मोठ्यांसाठी दोन वेगळ्या रेघा असाव्यातच. फुगे फोडण्याच्या खेळात टोकदार डार्ट असतात. तो खेळ शाळेत घेऊच नये असे माझे मत आहे, आणि ते मी याआधीही या सदरात मांडले आहे. बक्षिसे निवडताना तीन वर्षांखालील भावंडेही येतात हे लक्षात ठेवून तोंडात जातील असे सुटे छोटे भाग टाळावेत. फुटलेल्या फुग्यांचे रबरही आठ वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकते.

प्रश्न : करार करताना कोणत्या गोष्टी लेखी घ्याव्यात?
— युवक मंडळाचे खजिनदार

उत्तर : सामान फाटकापाशी उतरवणार की जागेवर उभे करून देणार, उभारणी आणि आवराआवर कोण करणार, परत नेण्याची वेळ कोणती आणि उशीर झाल्यास काय, हे आधी लिहून घ्यावे. पावसामुळे कार्यक्रम रद्द झाला तर किती रक्कम परत मिळेल किंवा तारीख बदलून मिळेल का, याचे कलम नसेल तर सही करू नये. छताचे कापड आगीला दाद न देणारे असल्याचे प्रमाणपत्र आणि त्रयस्थ व्यक्तीला इजा झाल्यास लागू होणाऱ्या विम्याची प्रत मागून घ्यावी. अनामत रकमेतून कशासाठी किती कपात होईल याची यादी करारालाच जोडावी, आणि सामान उतरताच रिंगा, चेंडू व डबे मोजून, सांगाड्याच्या वाकलेल्या नळ्यांची छायाचित्रे काढून पुरवठादाराला त्याच वेळी पाठवावीत. ओले कापड घडी करून परत दिल्यास त्यावर बुरशीचे काळे डाग पडतात आणि कपात होण्याचे ते नेहमीचे कारण आहे. वाळवायला वेळ नसेल तर तसे सांगून सही घ्यावी.

लाह्या किंवा साखरेची कापसी मिठाई करणारी यंत्रे सोबत घेणार असाल, तर प्रत्येकाला साधारण १००० ते १५०० वॅट लागतात हे शाळेच्या वीजतंत्रीला आधी कळवावे. वायरची रीळ पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेली वायर भार आला की तापते.

प्रश्न : नेम लागला की शिक्षक पाण्यात पडतात, अशी टाकी भाड्याने मिळते. मैदान लहान असल्याने ती गच्चीवर ठेवता येईल का?
— एक उत्साही क्रीडाशिक्षक

उत्तर : नाही. अशा टाकीत सुमारे १९०० लिटर पाणी मावते, म्हणजे टाकी आणि आत बसलेला शिक्षक धरून दोन टनांचा भार दोन-अडीच चौरस मीटरांत एकवटतो. सभागृहांच्या मजल्यांची रचनासुद्धा साधारणपणे चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो भार धरून केलेली असते. टाकी जमिनीवर, सपाट आणि टणक जागी, विजेच्या वायरींपासून दूर ठेवावी. मिनिटाला २० लिटर पाणी देणाऱ्या नळाने ती भरायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे भरणे सकाळीच सुरू करावे आणि संध्याकाळी ते पाणी कोणत्या नाल्यात सोडायचे हेही तेव्हाच पाहून ठेवावे. नाहीतर दुसऱ्या दिवशीची प्रार्थना मुलांना चिखलात उभे राहून म्हणावी लागेल.