व्ही अक्षरापासून सुरू होणारा नंबर: आजोबांचं रिव्हॉल्वर कोणत्या सालचं?

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून (मुठीखाली कडी, तिथेच व्ही आणि पुढे सहा आकडे, नळीवर स्मिथ अँड वेसन) हे त्या अमेरिकन कंपनीचं ‘व्हिक्टरी मॉडेल’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बनवलेलं रिव्हॉल्वर वाटतं. तसं असेल तर साल १९४२ ते १९४५. १९४२ मध्ये कंपनीचे जुने नंबर दहा लाखांच्या घरात गेले, तेव्हा व्ही लावून पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. ‘एसव्ही’ असेल तर साधारण १९४५ चं. तोवर घोड्याची सुरक्षा-खीळ (रिव्हॉल्वर खाली पडलं तरी गोळी सुटू न देणारा भाग) बदलली होती, त्या बदलाची खूण म्हणजे हा ‘एस’.

नळीवर १९१४ दिसतंय म्हणून ते पहिल्या महायुद्धातलं ठरवू नका. ती पेटंटची तारीख! आपल्याकडे अनेकजण इथेच फसतात. चक्री (गोळ्या भरायचा फिरता भाग) बाहेर काढल्यावर आत दिसणारा छोटा आकडाही सोडा, तो कारखान्यातल्या जुळणीचा असतो. पाच इंची नळी असेल तर बहुधा ब्रिटिशांसाठी बनवलेलं.

नंबर वाचायला मऊ ब्रश आणि थोडं तेल पुरे. पॉलिश पेपर अजिबात नको. नंबर घासला गेला की शस्त्र कायद्याची भानगड.

आजोबा गेल्यावर परवाना तुमच्या नावावर झालाय का? नसेल तर तारीख शोधण्याआधी ते पोलीस ठाण्यात जमा करा आणि पावती घ्या.