थवा उतरवताना आणि उतरवल्यावर

प्रश्न : परसातल्या झाडाला डोक्याच्या उंचीवर मधमाश्यांचा थवा, म्हणजे जुने घर सोडून निघालेल्या माश्यांचा घोस, लटकला आहे. पोळे दिसत नाही. रिकामी मधपेटी आहे. थवा कसा उतरवावा?

उत्तर : आधी माशी ओळखा. सातेरी किंवा मेलिफेरा, या पेटीत पाळता येणाऱ्या जाती असतील तरच पुढे जा. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात, पेटीत राहत नाहीत. आग्याच्या तर वाटेलाच जाऊ नका.

माश्या पोटात मध भरून निघालेल्या असतात आणि राखायला पिल्ले नसतात, म्हणून ताजा थवा सहसा शांत असतो. दोन-तीन दिवस लटकून उपाशी राहिलेला मात्र चिडका होतो. बुरखा आणि हातमोजे घालाच. फार वाट पाहू नका. नवे घर शोधणाऱ्या टेहळ्या माश्यांची जागा ठरली की घोस काही मिनिटांत उडतो.

घोसावर पाण्याचा बारीक फवारा मारा. मधल्या चार-पाच चौकटी (ज्यांत माश्या पोळे बांधतात त्या लाकडी चौकटी) काढलेली पेटी घोसाखाली वीतभर अंतरावर धरा आणि फांदीला एकच जोराचा झटका द्या. हळूहळू हलवत बसलात तर अर्ध्या माश्या हवेत जातात. फांदी बारीक असेल तर ती कापून घोसासकट पेटीत ठेवणे उत्तम. मग चौकटी माश्यांच्या ढिगावर नुसत्या टेकवा, दाबू नका. माश्या बाजूला सरकतात तशा त्या आपोआप खाली बसतात.

राणी शोधायची गरज नाही. पेटी झाडाखाली ठेवा आणि दार पाहा. काही माश्या पेटीकडे तोंड करून, पोटाचे टोक वर उचलून पंख हलवत असतील, तर त्या गंध सोडून बाकीच्यांना बोलावत आहेत. राणी बहुधा आत आहे. उलट फांदीवर पुन्हा घोस धरू लागला तर राणी वरच राहिली, पुन्हा झटका द्या. पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच असू द्या, मग दाराला जाळी लावून हलवा. दार फळीने बुजवले तर वाटेत आतली उष्णता वाढून माश्या गुदमरतात.

प्रश्न : थवा नव्या पेटीत नीट बसला आणि तिसऱ्या दिवशी सगळाच निघून गेला. चूक कुठे झाली?

उत्तर : बहुतेक वेळा कारण पेटीतच असते : ताज्या रंगाचा वास, दुपारचे ऊन, मुंग्या, किंवा लहान थव्याला फार मोठी जागा. सातेरी तर जरा त्रास झाला की जागा सोडते. पेटी सावलीत ठेवा, स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा, मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, सुरुवातीला चढवू नका. पिल्लांच्या कोठीत, म्हणजे खालच्या मुख्य कप्प्यात, मात्र चौकटी पूर्ण भरा. मोकळी जागा राहिली की पोळे झाकणाला लोंबते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच जातीच्या निरोगी वसाहतीतली, अळ्या असलेली एक चौकट. अळ्या सोडून माश्या सहसा जात नाहीत. अशी चौकट नसेल तर दाराला राणीजाळी (कामकरी माश्या जातात, पण राणी जाऊ शकत नाही अशी जाळी) लावून राणीला तीन-चार दिवस आत अडवता येते. पण हे पहिल्या, मोठ्या थव्यापुरतेच, कारण त्यात जुनी, फळलेली राणी असते. मागून निघणाऱ्या छोट्या थव्यांत कुमारी राणी असते. तिला मीलनासाठी बाहेर उडावे लागते, जाळीने तेच बंद होते.

प्रश्न : पाक कधी द्यावा?

उत्तर : हवा चांगली असेल तर पहिले दोन दिवस नको, सोबत आणलेला मध मेण करण्यात खर्च होऊ द्या. पावसाची झड असेल तर त्याच संध्याकाळी. साखर आणि पाणी वजनाने समान, तेही पेटीच्या आत. बाहेर सांडले की दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात.

प्रश्न : दोन आठवडे झाले, अंडी दिसत नाहीत.

उत्तर : जुनी राणी असती तर आठवडाभरात दिसली असती. कुमारी राणीला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पेटी उघडत राहू नका. चौथ्या आठवड्यातही अंडी नसतील तर दुसऱ्या वसाहतीतली अंडी असलेली चौकट द्या. चार-पाच दिवसांत तिच्यावर राणीकोठ्या (नवी राणी वाढवण्याची मोठी घरे) बांधल्या गेल्या, तर पेटीत राणी नाही असे समजा आणि त्या कोठ्या मोडू नका.