दीर्घायुषी कंपन्यांचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी

विषय सुंदर निवडलास. पण पन्नास कंपन्यांची यादी घेऊन बसू नकोस. आधी एकच नीट वाच: जपानमधल्या ओसाकाची कोंगो गुमी. परंपरेनुसार इ.स. ५७८ पासून मंदिरं बांधणारं हे घराणं. लायक मुलगा नसेल तर जावयाला दत्तक घेऊन, कोंगो आडनाव देऊन कारभार सोपवायचे. रक्तापेक्षा कसब मोठं मानलं. तरी २००६ मध्ये तिची स्वतंत्र वाटचाल संपली. तेजीत जमिनीच्या व्यवहारांसाठी काढलेलं कर्ज, त्यात मंदिरांची कामंही आटलेली. हा शेवट बरेच जण गाळतात, तू मुळीच गाळू नकोस. मला सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं.

नवख्यांच्या दोन चुका:

- फक्त टिकलेल्यांकडे बघणं. बुडालेल्यांनीही तेच केलं होतं का, ते तपास.
- न बदलणं हेच गुपित समजणं. स्वीडनच्या स्टोराचा १२८८ चा दस्तऐवज तांब्याच्या खाणीतल्या हिश्श्याचा आहे. पुढे तीच कंपनी लाकूड आणि कागदात गेली.

करांचे नियम, वारसा कायदे सध्या बाजूला ठेव. कारभार कुणाकडून कुणाकडे गेला, एवढंच एका पानावर लिहून काढ. अडलास तर विचार, मी आहे.