ॲट्रोपिन: विषारी झाडातलं औषध

प्रश्न: तपासणीसाठी ॲट्रोपिनचे थेंब घातले, चार दिवस झाले तरी जवळचं वाचता येत नाही. डोळा बिघडला का?

नाही. बाहुली लहान करणारा आणि जवळचं पाहायला मदत करणारा, हे दोन्ही स्नायू ॲट्रोपिनने सैल पडतात. पूर्ववत व्हायला आठवडा-दहा दिवसही लागतात. तोवर उन्हात गॉगल लावा, गाडी चालवू नका. डोळा ठणकू लागला, लाल झाला, तर मात्र लगेच दाखवा.

प्रश्न: भावाच्या पोटात कीटकनाशक गेलं होतं. रुग्णालयात ॲट्रोपिन इतकं दिलं की तो बरळायला लागला. हे तर धोतऱ्यातलं विष ना?

होय, तेच. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांमुळे शरीरातलं ॲसिटिलकोलिन (नसांचा निरोप स्नायू-ग्रंथींना पोचवणारं रसायन) मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पडतं. मग लाळ, घाम थांबत नाही, नाडी मंदावते, फुप्फुसं स्रावाने भरतात. माणूस जणू आतल्या आत बुडतो. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिनची जागा अडवतं आणि हे स्राव आटवतं.

सुरुवातीला 1 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून देतात. गुण नसेल तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. डॉक्टर वारंवार छातीला स्टेथोस्कोप लावतात, कारण खरी खूण तिथेच मिळते: घरघर थांबून श्वास मोकळा ऐकू यायला हवा, नाडी 80 च्या वर हवी. नुसत्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून भागत नाही. बरळणं, ताप, लघवी अडणं ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणं. तेव्हा औषध थांबवून पुन्हा कमी वेगाने सुरू करतात. स्नायूंची कमजोरी मात्र ॲट्रोपिनने जात नाही, म्हणून श्वासावर लक्ष ठेवावंच लागतं.

प्रश्न: मग दम्यासाठी धोतऱ्याची पानं ओढली तर?

कृपा करून नको. श्वासनलिका सैल होतात हे खरं, पूर्वी तशा सिगारेटी विकल्याही जात. पण कोणत्या पानात किती विष आहे, हे बघून कळत नाही. ॲट्रोपिनच्याच रचनेत बदल करून केलेलं इप्राट्रोपियम इनहेलरमधून मोजून मिळतं, आणि ते मेंदूत जवळपास शिरत नाही.

प्रश्न: मुलीचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून 0.01 टक्क्याचे थेंब दिलेत. घालू का?

नेत्रतज्ज्ञांनी दिले असतील तर घाला. असलेला नंबर उतरत नाही, काही मुलांत वाढ मंदावते. मात्र बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचा: 1 टक्क्याचं औषध शंभरपट तीव्र असतं.