भाऊ पीटीएसला निघालाय? बुटांच्या आधी वही घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भावाची जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून निवड झाली, पुढच्या महिन्यात पोलीस प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे पीटीएसला, हजर व्हायचंय. ट्रेनिंग किती दिवसांचं, आत काय शिकवतात, नापास झाला तर नोकरी जाते का आणि आत्तापासून त्याने काय करावं, हे तुम्हाला हवंय. खाली बऱ्याच जणांनी "रोज दहा किलोमीटर पळव" एवढंच सांगितलंय. मी थोडं वेगळं सांगणार आहे. शिपाई म्हणून भरती झालो, खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो, आणि मधली चार वर्षं एका प्रशिक्षण केंद्रात आंतरवर्ग, म्हणजे वर्गखोलीतले विषय, शिकवले. आता निवृत्त आहे, त्यामुळे वेळही आहे.

पळण्याचं म्हणाल तर तो ते करूनच आलाय. मैदानी चाचणीत 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुण असतात. 1600 मीटरचे पूर्ण 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांत यावं लागतं, आणि पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा. एवढं करून वर 100 गुणांची लेखी काढलेला मुलगा दमानं कमी पडत नाही. आता निवड झाली म्हणून तोवर घरी पुरणपोळ्या खाऊन गेला तर मात्र पहिल्याच आठवड्यात त्याला कळेल. सकाळी पाऊण तास धावणं चालू ठेवावं, बस्स.

आमच्या वेळी आणि मी शिकवत होतो तेव्हाही मूलभूत प्रशिक्षण नऊ महिन्यांचं होतं. भरती मोठी असली की शासन वेळापत्रक हलवतं, म्हणून त्याच्या सत्राचा आदेश हातात येईल त्यातलीच तारीख खरी धरा. केंद्र आपल्या जिल्ह्यातलं मिळेल असं नाही. नेमणूक सोलापूरची आणि ट्रेनिंग नागपूरला, असं सर्रास होतं. खंडाळा, जालना, अकोला, धुळे, लातूरजवळचं बाभळगाव, तासगावकडचं तुरची, मुंबईत मरोळ, यातलं कुठलंही येऊ शकतं. नाशिकची अकादमी वेगळी, तिथे फौजदार आणि डीवायएसपी घडतात. ट्रेनिंगच्या काळात पगार चालू असतो, त्यातून मेसचे पैसे कापून जातात. घरून पैसे पाठवायची गरज पडत नाही, उलट तोच पाठवेल.

आत गेल्यावर त्याचं नाव "नवप्रविष्ट" होतं आणि दिवसाचे दोन तुकडे पडतात. बाह्यवर्ग म्हणजे मैदान: पीटी, कवायत, लाठी, जमाव पांगवणं, अश्रुधूर, शस्त्रं उघडणं-जोडणं, गोळीबार. आंतरवर्ग म्हणजे वर्गखोली: कायदे, तपास, पोलीस ठाण्याचं कामकाज, प्रथमोपचार, कॉम्प्युटर. परीक्षा दोन्हीकडची असते.

मैदानाची भीती सगळ्यांना वाटते आणि ती पहिल्या सहा आठवड्यांत जाते. नडगी दुखते, टाचेला फोड येतात, एसएलआर रायफल चार किलोंच्या वरची, ती खांद्यावर घेऊन पाय आपटत चालताना खांद्याचं हाड सोलून निघतं. उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे, ओरडतात. ते मनाला लावून घ्यायचं नसतं, संध्याकाळी तेच उस्ताद दुखऱ्या पायाला काय लावायचं ते सांगतात. एक मात्र त्याला बजावून ठेवा. दुखणं लपवायचं नाही, सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी असल्याचं कळवायला, जायचं. "लोक हसतील" म्हणून नडगीतलं दुखणं दाबून धावणारी पोरं शेवटी प्लॅस्टर घालून बसलेली मी पाहिली आहेत. मग हजेरी कमी पडते आणि सत्र लांबतं.

गोळीबाराचा दिवस सगळ्यांना आवडतो. पण त्या दिवशी शिकण्याची गोष्ट नेमापेक्षा वेगळी असते. फायर संपला की गवतात वाकून रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, मोजायच्या, रजिस्टरला मिळवायच्या. एक पुंगळी कमी भरली तर अख्खी तुकडी उन्हात, मेसचं जेवण थंड. एकदा आमच्याकडे दोन तास शोधाशोध झाली आणि शेवटी ती एकाच्या दुमडलेल्या बाहीत सापडली. त्या पोराला पुढे सहा महिने सगळे "पुंगळी" म्हणत. सरकारी वस्तू मोजून घ्यायची, मोजून द्यायची आणि दोन्ही वेळा लिहून ठेवायची, हे त्या उन्हात जितकं डोक्यात बसतं तितकं वर्गात बसत नाही.

आता मुद्द्याचं. नऊ महिन्यांत पोरं कवायतीत तरबेज होतात, कलमं पाठ करतात, आणि ठाण्यात गेल्यावर लिहिताना अडकतात. पोलिसाचं निम्मं काम लिहिण्याचं आहे हे भरती होताना कुणाच्या ध्यानातच नसतं. स्टेशन डायरी, जबाब, पंचनामा, समन्स बजावणीचा रिपोर्ट, मुद्देमाल पावती. आणि हे लिहिणं निबंधासारखं नाही.

मी वर्गात एक खेळ घ्यायचो. टेबलावर एक तुटलेलं कुलूप, एक स्टीलचा डबा आणि माझ्या मिसेसची जुनी बांगडी ठेवायची. म्हणायचो, इथे घरफोडी झाली, पंचनामा लिहा. चाळीसातली पस्तीस पोरं लिहायची, "टेबलावर सोन्याची बांगडी मिळून आली". मग मी विचारायचो, तू सोनार आहेस का? पोलीस डोळ्याला दिसतं तेवढंच लिहितो: "पिवळ्या धातूची, सोन्यासारखी दिसणारी बांगडी, आतून खरचटलेली, जुनी वापरती, किंमत अंदाजे." कुलूप "फोडलेलं" लिहायचं नाही, कारण ते कुणी फोडलं हे तू पाहिलेलं नाहीस. "कडी वाकलेली, कोयंडा एका बाजूने उचकटलेला" असं लिहायचं. खोलीत शिरण्याआधी चतु:सीमा लिहायची, पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दार कुठल्या तोंडाचं. सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, उजेड कसला होता. रात्रीचा पंचनामा असेल तर बल्ब की बॅटरी, तेही.

एवढा आग्रह का, तर माझं स्वतःचं पोळलंय. नवा असताना एका ठाण्यात हवालदारसाहेबांनी मला लिहायला बसवलं. चोराकडून मंगळसूत्र निघालं होतं. मी मोठ्या अक्षरात ठोकून दिलं, "सोन्याचे मंगळसूत्र". पुढे सोनाराने पाहिलं तर वरून मुलामा, आत तांबं. फिर्यादी बाई सांगतात माझं खरं सोन्याचं होतं. आरोपीच्या वकिलाने एवढंच धरलं: हे ते मंगळसूत्र नव्हेच. साक्षीला हवालदार उभे राहिले आणि अक्षर माझं. मी कोर्टाच्या शेवटच्या बाकावर बसून ऐकत होतो. आरोपी सुटला. हवालदार बाहेर आल्यावर काही बोलले नाहीत, चहा सांगितला, बिस्किटंही सांगितली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यात आता कायदे बदललेत. 1 जुलै 2024 पासून भादंवि (भारतीय दंड विधान) जाऊन भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. ठाण्यातले जुने लोक खुनाला अजून "तीनशे दोन" आणि फसवणुकीला "चारशे वीस" म्हणतात, कागदावर मात्र 103 आणि 318 लिहावं लागतं. एफआयआरचं सीआरपीसीतलं 154 आता नागरिक सुरक्षा संहितेत 173 झालंय, आणि गुन्हा आपल्या हद्दीतला नसला तरी खबर घ्यायची, ज्याला झिरो एफआयआर म्हणतात, हे त्या कलमातच आलंय. नव्या पोरांना यात एक फायदा आहे: त्यांना जुनं विसरायचं नाहीये. 1 जुलै 2024 आधीच्या घटनांचे खटले मात्र भादंविच्या कलमांखालीच चालणार, म्हणून जुने आकडे कानावरून गेलेले असावेत.

आणखी एक मोठा फरक. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण आता त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करावं लागतं, त्यासाठी ई-साक्ष नावाचं ॲप आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी येणंही कलम 176 मध्ये आलंय. लोकांना वाटलं, व्हिडिओ आला म्हणजे लिहिणं संपलं. माझ्या मते उलट झालंय. पूर्वी पंचनाम्यात "पंचांसमक्ष" लिहिलं की वाचणाऱ्याला विश्वास ठेवावा लागायचा. आता कागद आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बघता येतात. कागदावर "कपाटाच्या वरच्या कप्प्यातून" आणि व्हिडिओत खालचा कप्पा, एवढं वकिलाला पुरतं. म्हणजे लिहिणाऱ्याची नजर आणखी बारीक हवी.

निवेदन पंचनामा, म्हणजे आरोपीने सांगितलेलं पंचांसमोर लिहून घेणं, हाही असाच नाजूक प्रकार. आरोपी पोलिसांसमोर "मी चोरी केली" म्हणाला तर ते कोर्टात चालत नाही. पण "मी वस्तू अमुक ठिकाणी पुरली आहे, दाखवतो" म्हणाला आणि ती तिथे निघाली, तर तेवढा भाग चालतो. साक्ष अधिनियमाचं कलम 23 हेच सांगतं. म्हणून आरोपीचे शब्द त्याच्याच भाषेत, तेवढेच लिहायचे. आपल्या मनाने "सदर इसमाने गुन्ह्याची कबुली देऊन" असं शेपूट जोडलं की काम बिघडलं. हे मी सत्रात किमान दहा वेळा सांगायचो, आणि परीक्षेत तरी शेपूट यायचंच.

अटकेचे नियमही घोकून जाऊ देत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, हे 1996 च्या डी. के. बसू निकालापासून चालत आलंय आणि आता कायद्यातच आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन. आपल्याला पोलीस शिपाई म्हणून हे ठरवायचं नसतं, पण रात्री दोन वाजता "चल रे, गाडी काढ" म्हणणाऱ्या वरिष्ठाला नियम आठवण करून देणारा शिपाई ठाण्याला वाचवतो. तो कसा बोलतो यावर पुढचं अवलंबून, ते कुठल्याच केंद्रात शिकवत नाहीत.

नापास होण्याचं विचारलंत. एखाद्या विषयात अडकला तर फेरपरीक्षा होते, लगेच घरी बसवत नाहीत. ज्यांना परत पाठवलेलं मी पाहिलं ते अभ्यासामुळे नाही, वागण्यामुळे गेले. विनापरवानगी बाहेर जाणं, दारू, मारामारी, गैरहजेरी. मोबाइलचं वेड हे नवीन. गणवेशात रील बनवून टाकायची हौस असेल तर ती घरीच सोडून जायला सांगा.

ट्रेनिंग संपलं की लगेच पोलीस ठाणं मिळत नाही, हेही घरच्यांना माहीत असू द्या, नाहीतर गावात सगळे विचारत राहतात. आधी मुख्यालय. गार्ड, कैदी पार्टी (कैद्यांना कोर्टात ने-आण करणारी), आरसीपी (दंगल नियंत्रण पथक), बंदोबस्त. पहिली आषाढी पंढरपुरात रस्त्याच्या कडेला उभं राहून जाण्याची शक्यता दांडगी. तिथे कंटाळणारे कंटाळतात, आणि हुशार असतात ते कैदी पार्टीच्या निमित्ताने रोज कोर्टात बसून उलटतपासण्या ऐकतात. फुकटची शाळा आहे ती.

तर आत्तापासून काय करावं. दोनशे पानी वही घ्या आणि त्याला रोज रात्री घरातलीच एक गोष्ट लिहायला लावा. स्वयंपाकघराचा पंचनामा. गोठ्याचा. शेजाऱ्याच्या गाडीचा, नंबर, रंग, कुठे पोचा आलाय. "छान", "खूप", "बहुतेक" हे शब्द आले की तुम्ही लाल पेनाने काढायचे. सोबत मराठी टायपिंग शिकू द्या, कारण एफआयआर आता सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणक प्रणालीवर, टाइप होते आणि ठाण्यात चांगलं टाइप करणारा शिपाई फार लवकर ओळखीचा होतो. त्याचा तोटाही आहे, त्याला साप्ताहिक सुट्टीला सुद्धा बोलावतात. पण काम त्यालाच येतं.

सामानात बादली, मच्छरदाणी, दोन कुलपं, सुती मोजे भरपूर, आणि बॉलपेन. जेलपेन नको, घामाच्या हाताने पसरतं.

शेवटी दीक्षांत संचलन असतं, घरच्यांना बोलावतात. आई-वडिलांना घेऊन जाच. एक काळजी घ्या, भावाला आदल्या रात्री फोन करून कितवी प्लाटून आणि कितवी रांग ते विचारून ठेवा. टोपी चढवली की सगळे सारखेच दिसतात, आणि तो मान वळवून तुमच्याकडे बघणार नाही. माझी आई पूर्ण वेळ दुसऱ्याच पोराकडे बघून डोळे पुसत होती.