हरिहरेश्वराची प्रदक्षिणा केव्हा करावी?

प्रश्न : हरिहरेश्वर हे आमचे कुलदैवत आहे. येत्या पौर्णिमेला पहाटे ठाण्याहून निघून अकराच्या सुमारास तेथे पोहोचण्याचा विचार आहे. आधी दर्शन कोणाचे घ्यावे आणि समुद्राकडची प्रदक्षिणा केव्हा करावी? सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे क्षेत्र पेशव्यांच्या भट घराण्याचेही कुलदैवत. येथे प्रथम काळभैरवाचे दर्शन घ्यावे, मग हरिहरेश्वराचे, आणि निघताना पुन्हा काळभैरवाचे, असा प्रघात आहे व तो आवर्जून पाळला जातो.

प्रदक्षिणेसाठी मात्र आपण निवडलेली वेळ नेमकी धोक्याची आहे. कोकणात भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत अशी, की तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल त्या वाजता, थोड्या फरकाने, पूर्ण भरती असते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे आपण पोहोचाल तेव्हा समुद्र भरलेला असेल, आणि तोही उधाणाचा. देवळामागच्या पायऱ्या चढून टेकडी ओलांडल्यावर वाट दोन कड्यांमधल्या अरुंद खिंडीतून थेट खडकांवर उतरते. तेथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला लाटा असल्यामुळे पाणी चढू लागले की बाजूला सरायला जागा उरत नाही. या वाटेवर लाटेने ओढून नेल्यामुळे माणसे दगावली आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

शक्य असल्यास एकादशीला जावे. त्या दिवशी भरती सव्वाआठच्या आसपास व ओहोटी सव्वादोनच्या सुमारास येते. दर्शन आटोपून, पाणी उतरत असतानाच एकच्या पुढे निघावे आणि ते वळण्याआधी परतावे. निघण्यापूर्वी वेळेची खात्री गावातच करून घ्यावी. घाई नसली, तर खाऱ्या पाण्याने कोरलेले कडेही निरखता येतात : लाटांचे तुषार दगडात मुरून वाळतात, क्षाराचे स्फटिक कण सुटे करतात, आणि काळ्या कातळावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. गायत्री तीर्थ, विष्णुपद ही स्थाने याच वाटेवर आहेत.

सासूबाईंना त्या उभ्या पायऱ्यांवरून नेऊ नये. त्यांनी देवळाभोवती प्रदक्षिणा घालून समुद्राला नमस्कार केला, तरी त्यांची सेवा देवाला पोहोचेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : श्रावणी सोमवारी प्रदक्षिणा घालता येईल का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : दर्शन व अभिषेक अवश्य करावा. पावसाळ्यात खडक शेवाळलेले असतात आणि ओहोटीतही लाटांचा जोर ओसरत नाही. तेव्हा गणिताने वेळ कितीही सोयीची निघाली, तरी खाली उतरू नये.